'येत नाही'चा रकाना

राणीमामांना भरघोस मिशी होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर नावावरून तुम्ही भलतंच काहीतरी डोळ्यांसमोर आणाल.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात आमच्या आप्पांचं शिवणाचं दुकान होतं, आणि समोर, मधलं गटार ओलांडलं की, मामांचं 'ड्रामा ड्रेस'चं. गदा, मुकुट, दाढ्या, दहा तोंडांचा एक रावण आणि एक सिंहाचं कातडं, ज्यातला सिंह मुळात गादीचा कापूस होता. शाळांच्या गॅदरिंगला, गणपतीला, दसऱ्याच्या चित्ररथांना सगळं इथूनच भाड्यानं जायचं. आम्ही शिंपी, ते रंगारी. पण दोघांच्याही घरात मराठी, तेवढ्यावर ते अख्ख्या गल्लीचे मामा.

तरुणपणी ते एका फिरत्या कानडी नाटक कंपनीत बायकांची कामं करायचे. बायका म्हणजे राण्याच. दासीचं काम त्यांनी कधी केलं नाही. मग एक दिवस मालकांनी राणीच्या कामाला खरीखुरी बाई आणली. त्या दिवशी मामांनी वस्तरा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मिशी वाढली, कंपनी सुटली, दुकान झालं. पण आमच्या गटारापाशी आले की हा पँटमधला मिशाळ गृहस्थ दोन बोटांनी नसलेल्या निऱ्या उचलायचा, पलीकडे पाय टेकला की हलकेच सोडायचा. गल्लीत कुणी हसत नसे. मी हसायचे, पण मी तेव्हा सगळ्यालाच हसायचे. स्वतःला सोडून.

भाड्यानं सामान देण्याची त्यांची रीतही तशीच. एक हेडमास्तर दुर्योधनासाठी मुकुट मागायला आले.

"दुर्योधन कुठाय?" मामा म्हणाले.

"शाळेत आहे. गणिताचा तास चालू आहे."

"मग मुकुट इथेच राहू दे. डोकं घेऊन या."

आणि त्यांचा एक शब्द सगळ्या मोहल्ल्याला पाठ होता. कंपनीच्या नाटकात लोकांना एखादा प्रवेश आवडला की ते 'वन्समोर' ओरडायचे, आणि तो प्रवेश पुन्हा करायचा असा रिवाज. मरणाचा प्रवेश असला तरी. बाण लागून मेलेला राजा उठायचा, धूळ झटकायचा, पुन्हा बाण घ्यायचा, पुन्हा मरायचा. मामांची राणी मात्र विषाचा पेला घेऊन सिंहासनापर्यंत चालत जायची, बसायची, मरायची, आणि संपलं. लोक कितीही ओरडोत, मालक विंगेतून कितीही डोळे वटारोत. मेलेली राणी डोळे न उघडता एवढंच म्हणायची, "उद्या या."

मी एकदा विचारलं होतं, "मामा, उठला असता एकदा, तर काय बिघडलं असतं?"

"उठलो तर आधी मेलो ते खोटं होतं की," ते म्हणाले, आणि कॉफीकडे वळले. मिशीला थेंब न लावता कॉफी प्यायची त्यांची एक वेगळी कला होती.

हे सगळं आठवायला कारण आमची नात. ती बेंगळूरला असते, सिनेमात कामं शोधते. परवा तिनं तिचा सीव्ही मला पाठवला, मराठी तपासून दे म्हणून. त्यात होतं: घोडेस्वारी. मी फोन केला.

"कुठल्या घोड्यावर गं?"

"आज्जी, ते सगळेच लिहितात."

लिहितात खरं. मीही लिहिलं होतं.

राज्याचं नाव बदलून नुकतंच कर्नाटक झालं होतं, दुकानांच्या पाट्यांवर अजून जुनंच होतं, आणि मी कॉलेज संपवून घरात बसले होते. बसले म्हणजे, आरशासमोर. अशात कोल्हापूरकडचं एका मराठी सिनेमाचं युनिट गावात उतरलं. नाटक कंपनीवरचा सिनेमा. आमच्याकडचं एक जुनं लाकडी रंगमंच असलेलं नाटकगृह त्यांना हवं होतं. आणि एक दासी हवी होती, मराठी बोलणारी, इथलीच. मॅनेजर म्हणाला, बायोडेटा घेऊन या.

आप्पा काजं करता करता म्हणाले, "एकदा जा. घेतलं त्यांनी तर कर काम, मी आडवा येत नाही. नाही घेतलं तर हे खूळ कायमचं आयतु. संपलं. मत्ते मग माझ्यासमोर बसून गुंड्या लावायच्या."

गुंड्या! मला वाटलं, हे जगाच्या लक्षात कसं येत नाही की ही मुलगी गुंड्यांसाठी जन्मलेली नाही.

मी बसून बायोडेटा लिहिला. घोडेस्वारी, पोहणे, भरतनाट्य, वीणा, तलवार, सात भाषा, आणि शेवटी 'शोकरसात विशेष प्रावीण्य'. सोबत फोटो: स्टुडिओतल्या रंगवलेल्या कारंज्यापुढे मी, कानाला टेलिफोन, तोंडावर हसू. टेलिफोन स्टुडिओचाच, त्याची वायर फुलदाणीमागे संपत होती. घरी फोन नव्हता. पण त्या फोटोत मी कुणाशी एवढी लाडिक बोलत होते, देव जाणे.

सिनेमाचे, नाटकाचे असे कागद मोहल्ल्यातली सगळी पोरं मामांना दाखवूनच नेत. त्यांची फी एक बाय-टू कॉफी, म्हणजे एक कॉफी दोघांत. मी कागद पुढे केला. मामांनी वाचला, घडी केला, खिशात टाकला.

"घोडा येतो?"

"येतो की."

"चल. कर."

हा त्यांचा दुसरा शब्द. कर. जे लिहायचं ते त्यांच्यासमोर करून दाखवायचं.

मार्केटच्या कोपऱ्यावर टांग्यांचा अड्डा होता. मामांनी ओळखीच्या टांगेवाल्या चाचांना सांगितलं, घोडा सोडा. चाचा म्हणाले, "सोडतौं, लेकिन ये किसी का सुनता नै, बेटी." मी म्हटलं, माझं ऐकेल. साडी खोचून, ओट्यावरून, मी चढले. माझ्या डोळ्यांपुढे झाशी होती. घोड्याच्या डोळ्यांपुढे शाळा. तो घोडा रोज सकाळी शाळेच्या पोरांची फेरी करायचा, आणि पाठीवर वजन आलं म्हणजे फेरी सुरू, एवढंच त्याला ठाऊक. तो निघाला. सराफांच्या घरापुढे थांबला. डॉक्टरांच्या फाटकापुढे थांबला. प्रत्येक दारापुढे एक पोरगं चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबायचा, मग पुढे. मी "हट्", "चल", "मुंदे होगो" सगळ्या भाषा वापरल्या. शेवटी त्यानं मला शाळेच्या फाटकाशी नेऊन उभं केलं, आणि मी उतरेपर्यंत हलला नाही. मधली सुट्टी होती. मागून मामा आणि चाचा आरामात चालत आले.

मामांनी कागद काढला, भिंतीवर टेकवला आणि लिहिलं: 'घोड्यावर बसता येतं. घोडा नेईल तिथे जाते.'

भाषांची परीक्षा त्यांनी भांडणावर घेतली. एकेका भाषेत माझ्याशी भांड म्हणाले. कानडीत मी त्यांना गप्प केलं. तमिळमध्ये माझं भांडण भाजीच्या पलीकडे जाईना. त्यांनी लिहिलं: 'तमिळमध्ये कोथिंबीर आणता येते.' मराठीपुढे मी 'शुद्ध' लिहिलं होतं.

"बोल शुद्ध."

"सुम्ने कशाला छळता मामा, आमच्या घरात हेच शुद्ध!"

'उगाच'च्या जागी कानडी 'सुम्ने' निघून गेलं होतं. मामांनी लिहिलं: 'घरचं मराठी येतं. पुण्याचं येत नाही.'

तिथून कागदाला दुसरा रकाना पडला, 'येत नाही' असा. मी भांडले. असलं कुणी लिहितं का? मामा म्हणाले, "काय येत नाही ते आधी कळलं तर कंपनी तिथे दुसरा माणूस उभा करते. ऐनवेळी कळलं तर पडदा पाडते." आणि त्यांचा नियम असा, की येत नाही हेही सिद्ध करायचं. पोहता येत नाही म्हणून मी कबूल झाले, तरी त्यांनी मला बसनं श्रीरंगपट्टणला नेलं आणि कावेरीच्या घाटावर उभं केलं. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि मी त्यांच्या गळ्यात पडले. मग पायरीवर बसून त्यांनी शांतपणे लिहिलं: 'पोहणे. पाहिलं.'

भरतनाट्य, वीणा, तलवार एका दुपारीच त्या रकान्यात गेले. राहिला शोकरस. दुकानात, गदांच्या मधोमध मला उभं केलं. "रड."

मी आईला मनात मारून पाहिलं. आप्पांना मारून पाहिलं. डोळे कोरडे. तेवढ्यात मामा सहज म्हणाले, "नाही घेणार तुला. गुंड्याच लावशील."

मी अशी रडले की समोरून आप्पा कात्री टाकून धावत आले.

'स्वतःच्या दुःखावर रडता येतं. दुसऱ्याच्या नाही.'

असा तो कागद. कुठे माझी सात भाषांची वीरांगना आणि कुठे ही कोथिंबीर! मला तो फाडून पुन्हा माझाच लिहून न्यावासा वाटत होता. पण एक शहाणपण त्या डोक्यातही होतं: मॅनेजरनं 'कर' म्हटलं तर? मी मामांचाच नेला.

स्टेशनजवळच्या लॉजच्या व्हरांड्यात आम्ही बऱ्याच मुली होतो, सगळ्या घोडेस्वार. मॅनेजर कंटाळून कागद चाळत होता. माझ्यावर थांबला. वाचता वाचता हसायला लागला, मग मोठ्यानं वाचायला लागला. घोड्यापाशी मुली हसल्या, कोथिंबिरीपाशी मागे पेपर वाचत बसलेल्या दिग्दर्शकांनी पेपर खाली केला.

"हे लिहिलं कुणी?"

मी मामांचं सगळं सांगितलं. राणी, पेला, मरण. दिग्दर्शक उठून उभेच राहिले. त्यांच्या सिनेमात नेमका तसाच एक म्हातारा नट होता, जो रिकाम्या नाटकगृहात शेवटचा एकदा राणीचं मरण करतो. त्या कामाला येणारे गृहस्थ आजारी पडले होते, तारच आली होती.

"त्यांना घेऊन या," ते म्हणाले. "ते आले तर विषाचा पेला आणणारी दासी तुम्ही. नाही आले तर तो प्रवेशच नाही, आणि मग दासी तरी कशाला?"

मी धावत दुकानात. खोटं कशाला बोलू, वाटेत मला मामांच्या कलेचा वगैरे विचार नव्हता. मला गुंड्या दिसत होत्या.

"बेडा," मामा म्हणाले. नको.

"मामा, माझं काम अडलंय!"

"माझा बायोडेटा कुठाय? बायोडेटाशिवाय कोण जातं?"

ही पळवाट होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसता कागद ओढला आणि समोर बसले. "सांगा. काय येतं?"

त्यांनी दोरीवरच्या दोन दाढ्यांची अदलाबदल केली. मग म्हणाले, "राणी मरते."

"करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच कुणीतरी तो शब्द त्यांच्यावर उलटवला होता. ते उठले, आणि मुकुटांच्या कपाटापासून रावणापर्यंत चालत गेले. बस्, एवढंच. पँट होती, मिशी होती, हातात पेला म्हणून कॉफीचा लोटा होता. पण मी उठून उभी राहिले होते. राणी गेल्यावर बसून कसं राहणार?

"मरणार नाही," रावणापाशी ते म्हणाले. "मरायचं ते स्टेजवर. आता दुसरा रकाना लिही: मेल्यावर उठता येत नाही."

मी लिहिलं. मला काय, काम झालं होतं.

"आणि मिशी?"

"ती राणीची नाही, माझी आहे. तिला विचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या कॉफी हॉटेलातला माणूस मामांना कानडीत विचारत होता, कोण हवंय तुम्हाला? मिशी उतरली होती, आणि तिच्याखालचा ओठ वर्षानुवर्षं उन्हात न आलेला, पांढराफटक. आप्पांनी शिलाई थांबवून पाहिलं आणि पुन्हा मशीनवर वाकले.

शूटिंगच्या दिवशी मामांनी नऊवारी स्वतः नेसली, कुणाला हात लावू दिला नाही. मला फक्त तबक धरून उभं राहायचं होतं आणि म्हणायचं होतं, "महाराणी, अजून वेळ आहे." तेवढ्याची मी इतकी तालीम केली होती की आई झोपेत उत्तर द्यायला लागली होती.

कॅमेरा सुरू झाला. मी म्हटलं. राणीनं पेला उचलला, माझ्याकडे न बघता. दासीकडे कोण बघतं? चालायला लागली. त्या फळ्या एरवी करकरायच्या, तेव्हा करकरल्या नाहीत अशी माझी आठवण आहे, आणि ती मी बदलणार नाही. सिंहासनावर बसली, हनुवटी वर, समोरचा सगळा दरबार शेवटचा नजरेखाली घातला, आणि गेली.

आणि मी रडले. मुळूमुळू नाही, हंबरडा. तबक खाली, तबकाचा आवाज सगळ्या नाटकगृहात.

"कट!"

सिंहासनावरून, डोळे मिटलेलेच, आवाज आला, "बाई, दुसऱ्याच्या दुःखाची तुझी ती ओळ खोड."

सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाले, "मामा, अप्रतिम. आवाज आला मध्ये, पुन्हा एकदा घेऊ."

"उद्या या."

पुन्हा हसले. मामा हलले नाहीत. मग कुणी हसेना. नाटकगृह त्या दिवसापुरतंच होतं, युनिट रात्रीच्या गाडीनं निघणार होतं. दिग्दर्शकांनी विनवलं, मॅनेजरनं विनवलं, मामा मेलेलेच. शेवटी मॅनेजरनं मामांचा बायोडेटा आणून माझ्यापुढे धरला. "हे तुमच्या अक्षरात आहे. मेल्यावर उठता येत नाही! आणि रडलात पण तुम्हीच. आता काय करायचं बोला."

सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. दासी गेली, राणी गेली, आणि आप्पा तिकडे गुंड्या मोजून ठेवत असणार. पण खरं सांगते, त्या क्षणी गुंड्या मनात आल्या नाहीत. मनात आलं ते हे, की मामांनी मिशी उतरवली आणि ती माझ्या हंबरड्यासाठी उतरवली असं होता कामा नये.

मी सिंहासनापाशी गेले.

"मामा, पोहता येत नाही असं लिहायच्या आधी तुम्ही मला कावेरीत उतरवलंत."

डोळे मिटलेलेच.

"उठता येत नाही हे तुम्ही नुसतं सांगितलंत. मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी लिहिलं, ही माझी चूक. आता करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"येत नाही ते. उठायला जा. नाही जमलं तर लिहीन, 'पाहिलं'."

एक डोळा उघडला. "घोटाभर पाण्यात किंचाळणारी तू, मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. करा."

कुणीतरी पंखा बंद केला होता. मामांनी दुसरा डोळा उघडला, पदर सावरला, आणि उठले. विंगेत जाऊन उभे राहिले. मी तबक उचललं आणि पदराचा बोळा दातांत धरायचा की वाक्य म्हणायचं, या विचारात वाक्य म्हटलं, मग बोळा धरला.

दुसऱ्यांदा ती राणी आलीच नाही. पेला घेऊन एक दमलेलं माणूस निघालं. मध्यावर ते थांबलं, आणि स्टेजवर काहीही नसताना दोन बोटांनी निऱ्या उचलल्या, आमच्या गटारापाशी उचलायचे तशा, आणि पलीकडे पाय टेकून हलकेच सोडल्या. सिंहासनावर बसून दरबाराकडे नाही, खाली रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, कुणी आलंय का बघावं तसं. आणि गेलं.

"कट," दिग्दर्शक इतक्या हळू म्हणाले की कॅमेरावाल्याला ऐकूच आलं नाही.

चाचांच्या टांग्यातून परतताना मामा म्हणाले, "माझीही ओळ खोड."

"नाही खोडत. उठलात कुठे? ही दुसरीच मेली."

घोडा सवयीनं सराफांच्या दारापुढे थांबला होता. "मग लिही," ते म्हणाले, "पाहिलं."

सिनेमा पुढच्या वर्षी आमच्याकडे लागला, रविवारच्या सकाळच्या खेळाला. सगळे शिंपी, सगळे रंगारी झाडून आले. मामांची मिशी तोवर पूर्ववत. माझं वाक्य कापलेलं होतं, तोंडही. पडद्याच्या कोपऱ्यात तबक धरलेला नुसता हात. आईनं बांगड्यांवरून ओळखला आणि शेजारच्या चौघींना सांगितलं. आप्पा पुढे वाकून बघत होते.

मग ते माणूस पेला घेऊन निघालं. निऱ्या उचलल्या तेव्हा आमची सगळी रांग एकदम हलली, कारण ते गटार फक्त आम्हालाच दिसत होतं. बसलं. पाहिलं. गेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

मग सगळेच. आमच्याकडे नाटक काय, सिनेमा काय, रिवाज तोच. लोक ओरडले की गाण्याची रीळ पुन्हा लावायची ऑपरेटरला सवय होती. त्यानं मशीन थांबवलं, दिवे लागले, रीळ मागे घ्यायला लागला.

मामा उठले. मागे वळले. मिशीवरून एक बोट फिरवलं, आणि कंपनीच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं म्हणाले, "राणी मेली. उद्या या."

"उद्या खेळ नाही मामा, रविवारचाच आहे!"

टॉकीजचे मालक दारातच उभे होते. त्यांनी भरलेल्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि ओरडले, "ठेवतो! उद्याही ठेवतो!"

सोमवारी सकाळी मी आपणहून गुंड्यांचा डबा घेऊन दुकानात गेले, तर दुकान बंद. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले होते.

"तो डबा ठेव आत," ते म्हणाले, "आणि आईला हाक मार. उशीर होतोय. उद्या या म्हणालाय तो."